जुना ॲम्प, नवा टीव्ही आणि मधला डबा

"नवा टीव्ही घेतला, पण त्याला हेडफोनचं भोकच नाही. घरचा जुना ॲम्प आता त्याला जोडायचा कसा?" या प्रश्नाच्या मागोमाग हमखास दुसरा येतो: "फोनवर गाणं छान वाजतं की. मग लोक आणखी वेगळा डॅक कशाला विकत घेतात?"

हैदराबादेत काचीगुडा, सुलतान बाजार या भागांतल्या मराठी घरांत सोनोडाइन किंवा कॉस्मिकचा जडशीळ ॲम्प अजून एखाद्या कपाटावर दिसतो. वडिलांनी हौसेनं घेतलेला, स्पीकरही तेव्हाचेच, आणि वाजवला तर आजही दमदार वाजणारा. कॅसेट गेली, सीडी प्लेयर बंद पडला, आता गाणी फोनमध्ये आणि टीव्हीत आहेत. फोन-टीव्ही आणि तो ॲम्प यांच्यामध्ये जो डबा बसतो, तो डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, म्हणजे डॅक. तो निवडताना दुकानदार खोक्यावरचे आकडे दाखवतो. माझं म्हणणं असं, की आधी आपल्या ॲम्पची पाठ बघावी. खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा तिथली भोकं जास्त सांगतात.

१. डॅक करतो तरी काय?

फोनमधलं गाणं ही आकड्यांची यादी असते. स्पीकरला आकडे कळत नाहीत, त्याला कमी-जास्त होणारा विजेचा दाब लागतो. त्या दाबानं पडदा पुढे-मागे हलतो आणि हवा थरथरते. आकड्यांवरून तो दाब तयार करणं, एवढंच डॅकचं काम.

सीडीचं उदाहरण घेऊ, कारण मोजमापं तिथूनच रुळली. पहिला सीडी प्लेयर ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात विक्रीला आला. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजून लिहिलेली असते आणि प्रत्येक मोजणीला १६ बिट दिलेले असतात. १६ बिटांत ६५,५३६ वेगवेगळ्या उंच्या लिहिता येतात. डावा-उजवा असे दोन आवाज धरले, की ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट दर सेकंदाला. (४४,१०० हा विचित्र आकडा कुठून आला? त्या काळी हे आकडे साठवायला व्हिडिओ टेप वापरत. सेकंदाला ६० पट्टे, पट्ट्यात कामाच्या २४५ ओळी, ओळीत ३ मोजण्या: ६० × २४५ × ३. युरोपच्या पद्धतीत ५० × २९४ × ३. दोन्हीकडून उत्तर एकच.)

आता सगळ्यात जास्त गैरसमज असलेली गोष्ट. तुटक मोजण्यांवरून तयार झालेला आवाज पायऱ्या-पायऱ्यांचा, खडबडीत असणार, असं बहुतेकांना वाटतं. ठिपक्यांची रांगोळी आठवा. ठिपके तुटकच असतात, पण त्यांच्यातून काढलेली रेघ वळणदार, अखंड असते. डॅकही रेघ काढतो, फक्त त्याला एक अट असते: ठरलेल्या मर्यादेपेक्षा बारीक वळण घ्यायचं नाही. ही अट पाळली, की त्या ठिपक्यांतून जाणारी रेघ एक आणि एकच उरते, हुबेहूब मुळातली. मर्यादा किती? सेकंदाच्या ठिपक्यांच्या निम्मी. म्हणजे ४४,१०० ठिपक्यांत २२,०५० हर्ट्झच्या खालचा सगळा आवाज जसाच्या तसा परत मिळतो. हॅरी नायक्विस्टनं १९२८ मध्ये याचा पाया घातला आणि क्लॉड शॅननच्या १९४९ च्या लेखात त्याची सिद्धता आली. धडधाकट तरुण कानाची मजल २०,००० हर्ट्झपर्यंत. पन्नाशीनंतर ती बरीच खाली येते, हे दुकानात कुणी सांगत नाही.

तर डॅक तुमच्या फोनमध्ये आहेच. टीव्हीत आहे, सीडी प्लेयरमध्ये होता, ब्लूटूथ स्पीकरच्या पोटातही आहे. ब्लूटूथ हेडफोन वापरणाऱ्यानं वेगळा डॅक घेणं तर निव्वळ वाया, कारण तिथे आकड्यांचा आवाज कानापाशीच होतो. तेव्हा प्रश्न विचारायचा तो असा: घरात आहे त्या डॅकचा आवाज ॲम्पपर्यंत नीट पोचवायला वाट आहे का? असेल तर पुरे. नसेल तर डबा घ्या.

२. खोक्यावरचे मोठे आकडे

"३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ" असं सोनेरी अक्षरांत छापलेलं असतं. वाचून भारावायला होतं. आपल्या दिवाणखान्यात त्याचं काय होतं, ते हिशेबानं बघू.

एक बिट वाढला की सगळ्यात मोठा आणि सगळ्यात बारीक आवाज यांतलं अंतर साधारण ६ डेसिबलनं वाढतं. १६ बिटांत ते ९६ डेसिबल, २४ बिटांत १४४. मे महिना आहे, डोक्यावर पंखा फिरतोय, खाली रस्त्यावर ऑटो. अशा खोलीत काहीही न वाजवता ४० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. आपण गाणं इतक्या मोठ्यानं लावलं की त्याचे चढ १०० डेसिबलला पोचले (शेजारी बेल वाजवतील), तरी पंख्याच्या वर उरतात ६० डेसिबल. ९६ डेसिबलचीच पुरती गरज पडत नाही, तिथे १२० डेसिबलचा डॅक आणि १०५ चा डॅक यांतला फरक पंख्याच्या घरघरीत केव्हाच बुडालेला असतो.

२४ बिटांचा उपयोग नाही असं मात्र नाही. ध्वनिमुद्रण करताना तो आहेच. शिवाय आवाजाची पातळी डिजिटलमध्येच, म्हणजे फोनवर किंवा डॅकवर, कमी करायची असेल तर हे जादा बिट कामी येतात, कारण दर ६ डेसिबल कमी करताना एक बिट खर्ची पडतो. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ घेणारा डॅक असला की घरासाठी झालं. त्याच्या वरच्या आकड्यांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

कानांनी घेतलेल्या परीक्षाही आहेत. अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये निकाल छापले: वरच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण थेट, आणि तेच सीडीच्या दर्जात उतरवून, असं आलटून-पालटून ऐकवलं, तर ऐकणाऱ्यांची उत्तरं नाणेफेकीइतकीच बरोबर आली. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा १८ अभ्यासांचे निकाल एकत्र केले. बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली. नाणेफेकीत ५० येतात. म्हणजे फरक असला तरी केसाएवढा, आणि तोही लक्ष देऊन ऐकणाऱ्याला.

आपल्या लोकांच्या संग्रहात तर जुनं फार असतं. अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर, हिराबाई बडोदेकर यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेली गाणी. त्या तबकड्यांत वरच्या पट्ट्यांतलं फारसं काही उमटतच नसे, आणि खरखर असे ती वेगळी. ते गाणं कितीही भारी डॅकमधून वाजवा, तबकडीत नव्हतं ते येणार कुठून? त्यांच्यासाठी पैसे खर्चायचेच असतील तर स्पीकरवर खर्चावेत.

चिपच्या नावावरूनही घोळ घातला जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमध्ये नोबेओका इथे एकेएम कंपनीच्या चिपच्या कारखान्याला आग लागली आणि जगभरच्या डॅक बनवणाऱ्यांचा पुरवठा तुटला. अनेकांनी आपल्याच मॉडेलमध्ये अमेरिकेच्या ईएसएसची चिप बसवून मांडणी पुन्हा केली. दोन्हीचे भक्त आजही वाद घालतात. भोवतालचं सर्किट आणि वीजपुरवठा नीट असला तर चिपच्या नावाला फार किंमत देऊ नये, असं माझं मत.

३. ॲम्पची पाठ

दुकानात निघण्याआधी फोनच्या कॅमेऱ्यानं दोन फोटो काढा: एक ॲम्पच्या पाठीचा, एक टीव्हीच्या पाठीचा. निम्मी खरेदी तिथेच होते.

ॲम्पच्या मागे लाल-पांढऱ्या भोकांच्या जोड्या असतील. त्यांवर ऑक्स, ट्यूनर, टेप, सीडी, फोनो असं काहीबाही लिहिलेलं असतं. डॅकची वायर फोनो सोडून कुठेही लावली तरी चालते. फोनोत मात्र अजिबात नाही. कारण साधं आहे. फोनोचं भोक रेकॉर्ड प्लेयरच्या सुईसाठी असतं. ती सुई जेमतेम ५ मिलिव्होल्ट देते. डॅकमधून येतात २ व्होल्ट, म्हणजे २,००० मिलिव्होल्ट. २,००० भागिले ५, चारशे पट. वर फोनोचं सर्किट खर्ज मुद्दाम वाढवतं, कारण तबकडीवर तो कमी करून कोरलेला असतो. परिणाम असा, की कुमार गंधर्वांचं भजन लावलं तरी भोंगा फाटल्यासारखं ऐकू येतं, आणि माणूस डॅक बिघडला म्हणून परत करायला निघतो.

दुसरी गोष्ट पातळीची. जुन्या ॲम्पच्या ऑक्सला बहुधा १५०-२०० मिलिव्होल्ट पुरतात. आपण २ व्होल्ट देतो, दहा पट. म्हणून घुंडी घड्याळातल्या आठाच्या आकड्यावरून नवाच्या आकड्यावर आणली, की घर दणाणतं, आणि त्याखाली बारीक आवाज करायला जागाच उरत नाही. अशा ॲम्पसाठी ज्या डॅकवर स्वतःची आवाजाची घुंडी आहे, तो घ्यावा आणि ती घुंडी खाली ठेवावी.

काही जुन्या यंत्रांना लाल-पांढरी भोकं नसतातच, पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. त्याची आरसीएवर, म्हणजे लाल-पांढऱ्या टोकांवर, येणारी वायर अजून मिळते, पण दोन तऱ्हेची. ॲम्पच्या आत आवाज घालायला ३ आणि ५ क्रमांकाच्या पिना लागतात, २ ही अर्थची. १ आणि ४ वर जोडलेली वायर ॲम्पमधून आवाज बाहेर, टेपकडे, नेण्यासाठी असते. ती आणली तर सगळं नवंकोरं असूनही खोलीत शुकशुकाट.

आता दुसरं टोक. टीव्हीच्या मागे एक चौकोनी भोक असतं, झडप लावलेलं, आत लाल उजेड. ते ऑप्टिकल. तोशिबानं १९८३ मध्ये आणलेली ही जोडणी अजून टिकून आहे. ते असेल तर ऑप्टिकल घेणारा डॅक घ्या, काम संपलं. पण एक गैरसोय लक्षात असू द्या: ऑप्टिकलमधून बाहेर पडणारा आवाज बहुतेक टीव्हींत एकाच पातळीचा असतो, टीव्हीच्या रिमोटनं तो कमी-जास्त होत नाही. जुन्या ॲम्पला रिमोट नाही. घरात दर जाहिरातीला आवाज कमी करणारी आजी असेल तर रिमोट असलेला डॅकच घ्या, नाहीतर डॅक आठ दिवसांत कपाटात जाईल. ऑप्टिकलऐवजी टीव्हीला 'एआरसी' लिहिलेलं एचडीएमआय भोक असेल, तर त्याचा डॅकही मिळतो. तो थोडा महाग पडतो, पण बहुधा टीव्हीच्याच रिमोटवर चालतो.

फोन आणि लॅपटॉपसाठी यूएसबी. विंडोज १० मध्ये २०१७ पासून त्यासाठीची सोय आतच आहे, वेगळं सॉफ्टवेअर सहसा लागत नाही. फोनला लावायची टाइप-सीची बोटभर शेपटी, जिच्या एका टोकाला हेडफोनचं भोक असतं, तीही डॅकच. ॲपलची शेपटी १ व्होल्टपर्यंत देते (युरोपात विकतात ती निम्मं), आणि जुन्या ॲम्पच्या ऑक्सला तेवढं भरपूर झालं. काही अँड्रॉइड फोनवर मात्र तिचा आवाज दबकाच राहतो, म्हणून घेण्याआधी आपल्या फोनवर लावून बघावं.

४. ती घुंई कुठून येते?

सगळं जोडलं, गाणं बंद केलं, आणि स्पीकरमधून सतत घुंईऽऽ. भारतात डॅकची निवड खरी इथे ठरते.

ॲम्पची वायर भिंतीत अर्थला जाते. टीव्ही केबलवाल्याच्या वायरीतून दुसरीकडे कुठेतरी अर्थला जातो. दोन्ही यंत्रं तांब्याच्या वायरीनं जोडली, की जमिनीतून एक वेढा पूर्ण होतो आणि त्यात घरच्या विजेचे ५० हर्ट्झ शिरतात. लॅपटॉपच्या बाबतीत चार्जर काढून बघा. घुंई गेली तर गुन्हेगार चार्जर. माउस हलवला की किरकिर होत असेल तर ती यूएसबीतून येते.

उपाय म्हणून तीन पिनांतली जाड पिन काढून टाकणारे इलेक्ट्रिशियन भेटतात. ते करू देऊ नका. ॲम्पच्या पत्र्यात वीज उतरली तर तीच पिन तुम्हाला वाचवते. जुन्या वाड्यांतून आणि चाळींतून अर्थिंग नुसतं सॉकेटपुरतंच असतं, तेही एकदा तपासून घ्या. ऑप्टिकल वायरीतून जातो तो प्रकाश. तिच्यात तांबं नाही, म्हणून वेढा तुटतो आणि घुंई जागच्या जागी थांबते. ऑप्टिकल आणि यूएसबी दोन्ही असलेला डॅक दिसला, तर निव्वळ यूएसबीवाल्यापेक्षा तो घ्यावा, हे माझ्या मते त्याच्या चिपपेक्षा महत्त्वाचं.

५. आबिड्स ते कोठी

शेपटी हवी असेल तर आबिड्सचं जगदीश मार्केट. तिथे दुकानापेक्षा गर्दी मोठी. फोन हातात धरूनच जावं, लावून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ऑप्टिकलचा डबा हवा असेल तर तिथून चालत कोठीला, गुजराती गल्लीत. ही गल्ली स्पीकर, ॲम्प, माइक, वायरी आणि पिनांची. मराठी बोललं तरी समजून घेणारे भेटतात, पण भाव दखनीतच होतो.

"ऑप्टिकल का डब्बा होना क्या साब? येच लेलो, एक नंबर चलता."

काडेपेटीच्या दुप्पट आकाराचा काळा पत्र्याचा डबा. एका अंगाला ऑप्टिकलचं भोक, कोॲक्शियलचं भोक आणि ५ व्होल्टची बारीक पिन. दुसऱ्या अंगाला लाल-पांढरी जोडी. किंमत पाचशे ते हजाराच्या दरम्यान. मला हा डबा मनापासून आवडतो. टीव्हीच्या बातम्या, मालिका, यूट्यूबवरची भजनं यांना तो पुरून उरतो. त्याचा दुबळा भाग म्हणजे सोबत येणारा चार्जर. तो बाजूला ठेवून घरातल्या चांगल्या फोन-चार्जरवर डबा चालवला, तर बारीक सळसळ बऱ्याचदा कमी होते.

पुढची पायरी सात-आठ हजारांपासून: टेबलावरचा डॅक, यूएसबी-ऑप्टिकल दोन्ही, घुंडी, कधी रिमोट. फिओ, टॉपिंग, एसएमएसएल ही नावं इथे ऐकू येतात. रात्री पंखा बंद करून बसणाऱ्या, चांगले स्पीकर असलेल्या रसिकानं इथे थांबावं. पंचवीस हजारांच्या वर जे आहे ते दिसायला सुरेख, हाताला जड, आणि ज्याला परवडतं त्यानं खुशाल घ्यावं. पण स्पीकर दहा हजारांचे आणि डॅक चाळीसचा, हे गणित मला पटत नाही. परदेशातून कुणी आणून दिला तर ॲडॉप्टर २३० व्होल्टवर चालतो का, ते लावण्याआधी वाचा. नुसतं ११० किंवा १२० लिहिलेला असेल, तर भारतात तो पहिल्याच सेकंदाला जातो.

ऐकून निवडायचं म्हणाल तर दुकानात ते जमत नाही. दोन डॅकपैकी ज्याचा आवाज चिमूटभर मोठा, तो आपल्याला 'जास्त मोकळा' वाटतो. १ व्होल्टच्या शेपटीपुढे २ व्होल्टचा डॅक सरळ ६ डेसिबलनं मोठा वाजतो, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. घरी परीक्षा घ्यायची तर दोन्हींची पातळी आधी सारखी करा, वायर बदलायला मुलाला बसवा, आपण पाठ करा, आणि दहा वेळा ओळखा. दहांत सात बरोबर आले म्हणून हुरळू नका: डोळे मिटून नुसतं अंदाजे बोललं तरी सात किंवा जास्त बरोबर यायची शक्यता १,०२४ पैकी १७६, म्हणजे सहा जणांत एकाला जमतं. नऊ किंवा दहा आले तर मात्र मानायला हवं, कारण ती शक्यता १,०२४ पैकी ११ च.

६. डबा घरी आल्यावर

ऑप्टिकल वायरीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकच्या इवल्याशा टोप्या असतात. त्या काढायच्या राहतात आणि आवाज येत नाही. टोपी काढली की टीव्हीत खोचलेल्या वायरीच्या मोकळ्या टोकाला लाल ठिपका दिसतो. तो दिसला म्हणजे टीव्ही बोलतोय.

लाल ठिपका आहे, तरी आवाज नाही किंवा खर्रर्र येतोय? दुकानदार पिशवी देता-देता सांगतो तेच: "टीव्ही में पीसीएम पे रखना, नै तो आवाज नै आता." टीव्ही पुष्कळदा डॉल्बीचे गुंडाळलेले आकडे बाहेर पाठवतो, आणि साध्या डॅकला ते उलगडता येत नाहीत. टीव्हीच्या मेनूत आवाजाखाली डिजिटल आउटपुट शोधून त्यावर पीसीएम, म्हणजे न गुंडाळलेले आकडे, निवडायचं. हे झालं की ॲम्पची घुंडी शून्यावर आणून मगच चालू करा.

बातम्या देणाऱ्याचे ओठ आणि शब्द जुळत नसतील तर दोष डॅकचा नाही. त्याला लागतात फार तर काही हजारांश सेकंद. टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो, म्हणून आवाज आधी पोचतो. त्याच मेनूत 'ऑडिओ डिले' असतो. तो थोडा-थोडा वाढवत न्या. तरी जुळलं नाही तर चित्राचा 'गेम मोड' लावून बघा. त्यात टीव्ही चित्राची सजावट जवळपास सोडून देतो.